कुलूप काढल्यापासून: आमच्या शाळेच्या स्वच्छतागृहाच्या नोंदी

परभणी जिल्ह्यातल्या एका लहान गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी शिकवते. पहिली ते सातवी, पट १२६, त्यात मुली ६४. आम्ही शिक्षक पाच. शिपाई नाही. जून २०२४ पासून या कामाची वही ठेवली, ती इथे जवळपास तशीच उतरवून देते आहे. पैसे आणि वेळ जिथे वाया गेला तो भाग गाळलेला नाही, कारण दुसऱ्या शाळेच्या उपयोगाचा तोच आहे. आमची जमीन काळी, कापसाची. मुरमाड किंवा लाल मातीच्या गावाला खड्ड्यांचा भाग वेगळा करावा लागेल.

२० जून २०२४

कुलूप उघडलं. किल्ली कार्यालयातल्या कपाटात होती, पण कुलूप इतकं गंजलेलं की शेवटी हातोडीनं तोडलं. मुलींच्या बाजूला दोन संडास, मुलांच्या बाजूला एक संडास आणि चार मुताऱ्या. आत मोडके बाक, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. मुलांच्या भांड्यात दगड आणि खिचडीची एक ताटली. छतावरची ५०० लिटरची टाकी उन्हानं तडकलेली.

हे बांधकाम स्वच्छ विद्यालय मोहिमेच्या काळातलं. १५ ऑगस्ट २०१५ पर्यंत प्रत्येक सरकारी शाळेत मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं झाली पाहिजेत, असं तेव्हा ठरलं होतं. भिंती अजून पक्क्या आहेत. नऊ वर्षांत त्या किती दिवस वापरात होत्या, हे गावात कुणालाच धड सांगता येईना. यू-डायसच्या, म्हणजे शाळेनं सरकारला दरवर्षी भरून द्यायच्या माहितीत मात्र ‘स्वच्छतागृह आहे’ असं जातं. एका वर्षी ती माहिती मीच भरली होती.

२६ जून

सहावी-सातवीच्या २३ मुलींना कोऱ्या चिठ्ठ्या दिल्या. नाव लिहायचं नाही, एवढंच लिहायचं की शाळेत असताना लघवीला कुठे जाता. १४ जणींनी लिहिलं, जात नाही. पाच जणींनी लिहिलं, जवळच्या मैत्रिणीच्या घरी. बाकीच्यांनी ओढा लिहिला. एकीनं पुढे लिहिलं होतं, ‘कापूस वाढेपर्यंत तिकडे आडोसा नसतो.’

एक चिठ्ठी वहीत चिकटवून ठेवली आहे. पेन्सिलीनं, खोडून पुन्हा लिहिलेलं: ‘मॅडम आम्ही सकाळपासून पाणी पीत नाही म्हणजे मग लागत नाही.’

दुपारनंतर डोकं दुखतं म्हणून बाकावर मान टाकणाऱ्या मुली याच. त्यांना मी ‘सकाळी जेवून येत जा’ असं किती वेळा सांगितलं असेल.

४ जुलै

शाळा व्यवस्थापन समितीची बैठक. समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं शिक्षण हक्क कायदा सांगतो, आणि आमच्याकडे तशा आहेत. पण बैठकीत बोलले फक्त पुरुष, आणि तेही रंग कोणता द्यायचा, फरशी कोणती बसवायची यावर. बैठक संपली, मी फाटकापर्यंत आले, तेव्हा दोन आया हळूच म्हणाल्या, “मॅडम, आतून कडी नाही हो त्याला. पोरगी जाणार कशी?”

यापुढे आयांची बैठक वेगळी घ्यायची. पोषण आहाराच्या खोलीत, दुपारी, शेतातून येता-जाता जमेल तशी.

पैशाचं असं. संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. १०० च्या वर पट असल्यानं आम्ही ५० हजारांच्या टप्प्यात बसतो, पण हातात आला पहिला हप्ता २५ हजार. त्यातून खडू, रजिस्टर आणि वीजबिल जाऊन या कामाला १० हजार निघतील. बाकी लोकवर्गणी. ग्रामपंचायतीला अर्ज दिला.

११ जुलै

तिन्ही भांडी बदलली. तीन भांडी आणि कोंबडे, म्हणजे भांड्याखालचे वाकडे पाईप, मिळून ४,२०० रुपये. मिस्त्री चार दिवस, ९०० रोजानं ३,६००. दोन मजूर ४,०००. सिमेंट, वाळू, फरशी २,४००. एकूण १४,२००.

गावातल्या संडासासाठी तीव्र उताराचं भांडं घ्यावं, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात मैला वाहून जातो. शहरी बाथरूमचं सपाट भांडं दिसायला चांगलं, पण त्याला बादलीभर पाणी लागतं. दुकानदार सपाटच पुढे करत होता. नको म्हटलं. तेवढी एक गोष्ट पहिल्याच फेरीत बरोबर झाली.

१६ जुलै

पाचव्या दिवशी तिन्ही भांडी तुंबली. मुलींच्या भांड्यात काठापर्यंत पाणी आलं. मिस्त्रीला फोन केला. तो म्हणाला, “पोरांनी दगड टाकला असंल.” बांबू घालून पाहिला. दगड नव्हता.

पुन्हा कुलूप. मुलींच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही.

१८ जुलै

कारण सापडलं. संडासामागे सेप्टिक टँक आहे, ८ बाय ४ फूट, खोली ५ फूट. त्याचं बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात जायला हवं. शोषखड्डा कधी केलाच नव्हता. चार इंची पाईप कुंपणाखालून सरळ शेजारच्या शेतात काढून दिलेला. शेजारच्या काकांनी त्या पाईपच्या तोंडात मातीचं पोतं ठासून बसवलं होतं. दोन वर्षांपूर्वीच.

मी रागानंच गेले होते. काकांनी बांधावर नेलं. तिथली जागा अजून काळी पडलेली होती. ते म्हणाले, “मॅडम, माझ्या कापसात घाण येती, बायका निंदायला उतरंनात. मी तीनदा सांगून गेलतो शाळंत. कुणी ऐकलं नाही, मग मी काय करावं?” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माफी मागून परत आले.

टँकचा ढापा उचलून पाहिलं. बाहेर जाणाऱ्या पाईपला आतून ‘टी’ बसवलेलाच नव्हता. हा दीडशे रुपयांचा तुकडा. त्याचं एक तोंड पाण्याच्या आत बुडालेलं असतं, त्यामुळे वर तरंगणारा थर टँकमध्येच अडतो आणि फक्त निवळ पाणी बाहेर जातं. तो नसल्यानं सगळं जसंच्या तसं काकांच्या शेतात जात होतं.

म्हणजे मुलींची दोन भांडी बदलायची गरजच नव्हती, ती चांगली होती. सुमारे ९,४०० रुपये गेले, तेही गावाच्या वर्गणीतले. भांड्याला हात लावण्याआधी मागे जा, ढापा उघडा, आणि पाणी शेवटी कुठे जातं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.

२५ जुलै

टँक उपसला. एकानं सांगितलं होतं, दोन माणसं पाठवतो, बादलीनं काढतील, दोन हजारात होईल. ठाम नाही म्हटलं. संरक्षक साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी आत साचलेल्या वायूनं माणूस दोन श्वासांत कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. कुणीही स्वस्तात होतंय म्हणून हा मार्ग धरू नये.

तालुक्याहून मैला उपसणारी गाडी आणली. टँक साधारण साडेचार हजार लिटरचा, गाडी तीन हजारांची, म्हणून दोन खेपा. ६,००० रुपये. गाडीला नळी पोचेल एवढी वाट लागते. ती करायला एक दिवस गेला, बाभळी तोडाव्या लागल्या.

गाळात कापडाच्या चिंध्या आणि पॅड निघाले. त्यावर पुढे लिहिते.

१२ ऑगस्ट

शोषखड्डा खणला. सहा फूट व्यासाचा, आठ फूट खोल, आत जाळीदार वीटकाम. जेसीबी, विटा, मजुरी मिळून ११,५००. गावातल्या घरांना असेच खड्डे आहेत, तेच माप मोठं करून घेतलं. तीन दिवस पाणी सोडलं, छान चाललं. सगळ्यांना हायसं वाटलं.

३ सप्टेंबर

शनिवारी रात्रीपासून सोमवारपर्यंत पावसानं दम घेतला नाही. पोळा पाण्यातच गेला. आज शाळेत येऊन पाहिलं तर खड्डा काठोकाठ भरलेला, वर पाणी वाहतंय आणि एका बाजूची वीट आत ढासळलेली. काळी माती भिजली की फुगते, तिनं कोरडं रचलेलं वीटकाम आत ढकललं.

११,५०० रुपये आणि तीन आठवडे.

१० सप्टेंबर

जे आधी करायचं ते आज केलं. एक फूट लांब-रुंद, तीन फूट खोल खड्डा घेतला, रात्रभर पाण्यानं भरून ठेवला. सकाळी पुन्हा सहा इंच पाणी ओतून आत खुणांची काठी उभी केली. सातवीच्या मुलांनी तासभर राखण केली. तासात पाणी बोटभरही उतरलं नाही.

निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या अभियंत्यांना फोन केला. त्यांनी सांगितलेलं थोडक्यात: काळ्या मातीची एक चौरस मीटर जागा दिवसाला जेमतेम १० लिटर पाणी पिते. खोल खड्डा करून उपयोग नाही, कारण पावसाळ्यात खाली आधीच पाणी उभं असतं. खड्डाच करायचा असेल तर वीटकामाभोवती सर्व बाजूंनी फूटभर जाडीचा वाळू-खडीचा थर हवा. तो पाणी पसरवतो आणि फुगणाऱ्या मातीचा दाबही वीटकामावर येऊ देत नाही. त्यापेक्षा उथळ आणि लांब चर खणा, वर पाणी पिणारी झाडं लावा.

आमच्या टँकमधून दिवसाला अडीचशे लिटर बाहेर पडेल असा हिशेब केला. म्हणजे २५ चौरस मीटर जागा. २० फूट लांब, २ फूट रुंद, ३ फूट खोल असे दोन चर घेतले की बाजू आणि तळ मिळून तेवढी भरते.

२७ सप्टेंबर

सोयाबीनची काढणी सुरू झाली. मजूर मिळत नाही. मिस्त्री स्वतः खळ्यावर आहे. दसऱ्याआधी कुणी येणार नाही, हे मला जूनमध्येच उमजायला हवं होतं. मराठवाड्यात काम धरायचं तर मृगाच्या आधी संपवा, नाहीतर दिवाळीनंतरचं धरा.

या मोकळ्या वेळात दरवाजे केले. पत्र्याचे दरवाजे खालून गंजून वीतभर उघडे पडले होते. बाहेरून पाय दिसत. मुली का जात नाहीत याचं निम्मं कारण तिथेच होतं. खाली नवा पत्रा जोडला. आतून प्रत्येक दाराला दोन कड्या लावल्या, एक मोठ्या मुलींच्या हाताला, दुसरी पहिलीतल्या मुलीच्या छातीइतक्या उंचीवर. आधीची कडी साडेचार फुटांवर होती, लहान मुलींचा हातच पोचत नसे, म्हणून मैत्रीण बाहेरून दार धरून उभी राही. छताच्या पत्र्यात एक पारदर्शक पत्रा टाकला. आत अंधार असला की पहिली-दुसरीची मुलं पाऊल टाकत नाहीत, उंबऱ्यावरच बसतात. एकूण ८,६००.

३ ऑक्टोबर

काल ग्रामसभा झाली. आयांची बैठक वेगळी घेण्याचा फायदा इथे दिसला. नऊ जणी एकत्र आल्या आणि समोर बसल्या. ग्रामपंचायतीला मिळणारा पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित निधी, म्हणजे ठरावीक कामांसाठीच दिलेला पैसा, पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा होता. त्यातून शाळेला द्या, असा ठराव त्यांनीच मांडला. मंजूर झाला. पैसे बिलं दिल्यावर मिळतील, तोवर दुकानदाराकडे उधारी.

१२ ऑक्टोबर

दसरा. सकाळी दोघे मजूर आले, “आज काम धरलं की चांगलं असतं” म्हणाले. चर आखले. हातपंपापासून टेप धरून मोजलं, ६० फूट. भरपूर अंतर हवंच, आणि चर हातपंपाच्या उताराच्या बाजूला हवेत. आमची जागा सुदैवानं तशी आहे.

१५ ऑक्टोबर

आज हात धुवा दिन. सकाळी मुलांना साबणानं हात धुवायला शिकवलं आणि दुपारी निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली. ग्रामपंचायतीकडून निरोप आला, नवीन काही मतदान होईपर्यंत नाही. चरांचं काम सुरू झालेलं होतं म्हणून ते थांबलं नाही. टाकी मात्र अडकली.

२३ ऑक्टोबर

चर झाले. तळापासून दोन फूट उंचीपर्यंत खडी, खडीच्या वरच्या थरात भोकं पाडलेला चार इंची पाईप, त्यावर उसवून पसरलेली सिमेंटची रिकामी पोती, म्हणजे माती खाली उतरून खडी चोंदणार नाही. वर माती टाकून पाठीसारखा वरंबा केला. सपाट ठेवलं असतं तर पावसाचं पाणीही चरातच उतरलं असतं. टँकच्या पाईपला ‘टी’ बसवला. दोन ब्रास खडी ७,०००, जेसीबी दोन तास २,४००, पाईप २,२००, मजुरी ४,४००. बेरीज १६,०००. खडी रस्त्यावरून आत आणायला शेजारच्या काकांनी स्वतःचा ट्रॅक्टर दिला आणि डिझेलचेही पैसे घेतले नाहीत.

वर कर्दळ लावली. भाजीपाला लावायचा नाही. परसबागेला हात धुण्याचं पाणी जातं, ते वेगळं.

२१ नोव्हेंबर

शाळा मतदान केंद्र होती. १९ तारखेच्या रात्री कर्मचारी मुक्कामाला, २० ला दिवसभर मतदार. संडास दोन दिवस अखंड वापरात राहिला आणि तुंबला नाही. मला ही आतापर्यंतची सर्वांत मोठी परीक्षा वाटते. पाण्याचे ड्रम मात्र दोन्ही दिवस दुपारीच रिकामे झाले.

२९ नोव्हेंबर

आता खरी अडचण दिसली, ती मी जूनपासून पाहत असूनही माझ्या लक्षात आली नव्हती. मधली सुट्टी लहान, १० मिनिटांची. मुली ६४, संडास दोन. घड्याळ लावून उभी राहिले. एका मुलीला सरासरी दीड मिनिट. दहा मिनिटांत तेरा-चौदा मुली होतात. बाकीच्या घंटा वाजली की पळत वर्गात. म्हणजे सगळं दुरुस्त करूनही पन्नास मुलींना आम्ही उद्यापर्यंत थांबायला सांगत होतो.

एक संडास आणि तीन मुताऱ्या मिळून एक युनिट, ४० मुलांमागे असं एक युनिट, असा स्वच्छ विद्यालय मोहिमेचा हिशेब आहे. मुलांना चार मुताऱ्या, मुलींना एकही नाही, हे बांधणाऱ्याला खटकलं नाही आणि वापरणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. मुलींसाठी आडोशाच्या भिंती घालून तीन मुताऱ्या बांधायला घेतल्या. उतार चांगला द्यायला सांगितला, पाणी साचलं की वास धरतो. ९,५०० रुपये. सुट्टीही दोन भागांत केली, आधी पहिली ते चौथी, मग पाचवी ते सातवी.

कुणी मला विचारलं, पैसे थोडे आहेत, एकच गोष्ट करायची तर काय करू, तर मी मुलींच्या मुताऱ्या सांगेन. संडास नंतर.

७ डिसेंबर

टाकी बसली. १,००० लिटर, चौथरा, नळजोडणी, तोट्या मिळून ११,८००. यावेळी छतावर नाही, सावलीच्या बाजूला चार फूट उंच चौथऱ्यावर. छतावरची टाकी धुवायला कुणी चढत नाही आणि ऊन तिला खातं. फ्लशची टाकी बसवली नाही, मोडली की दुरुस्तीला माणूस तालुक्याहून येतो. आत तोटी, बादली, आणि साखळीनं बांधलेला मग. साखळी नव्हती तेव्हा आठवड्यात तीन मग गेले.

१३ डिसेंबर

हात धुण्याची जागा. आधी तीन तोट्या होत्या. नीट साबण लावून एका मुलाला ४० सेकंद लागतात, म्हणजे १२६ मुलांना जवळजवळ अर्धा तास. खिचडी थांबत नाही, मुलं हात न धुताच बसतात. म्हणून एक इंची पाईपला १२ भोकं पाडून आडवा बसवला, असा मी एका शाळेत पाहिला होता. भोकं तीन मिलिमीटरची पाडली. मिनिटाला पंधरा लिटरची बादली भरेल एवढं पाणी जायला लागलं, दिवसाची टाकी दुपारी संपली. मग दुसरा पाईप आणून बारीक भोकं पाडली. ती आमच्या बोअरच्या क्षारानं काही दिवसांतच बुजली. टाचणी घेऊन मोकळी करत बसलो. ९०० रुपये गेले. शेवटी दोन उंचींवर दहा साध्या तोट्या लावल्या. आता सगळी मुलं नऊ मिनिटांत होतात. यावर एकूण ५,८००.

साबणाचंही सांगते. वडी उघडी ठेवली तर कावळे नेतात, खरोखर नेतात, दोन वड्या समोरच्या लिंबाखाली सापडल्या. कांद्याच्या जाळीत बांधून टांगली तर ती भिजून लिबलिबित होते आणि मुलं हात लावत नाहीत. आता दीड लिटर पाण्यात दोन मोठे चमचे कपडे धुण्याची पावडर विरघळवून, झाकणाला भोक पाडलेल्या बाटल्या दोरीनं टांगल्या आहेत. बाटली दाबली की हातापुरतं पाणी येतं. ते भरण्याचं काम सहावीच्या मुलामुलींनी स्वतःहून घेतलं.

२० डिसेंबर

गाडगेबाबांची पुण्यतिथी. साफसफाई कोण करणार, हा प्रश्न आजवर मी टाळत आले होते.

गेल्या महिन्यात एका सहकाऱ्यांनी मुलांच्या पाळीची यादी करून भिंतीवर लावली. मी वाचत गेले. पहिल्या तीन आठवड्यांची सगळी नावं एकाच वस्तीतली होती. असं काही मनात नव्हतं, असं ते म्हणाले. मी वाद घातला नाही. यादी काढून फाडली. संडास धुण्याचं काम कुठल्याच मुलाच्या पाळीत येणार नाही, असं समितीच्या इतिवृत्तात लिहून घेतलं. मुलं वर्ग झाडतील, झाडांना पाणी घालतील, बाटल्या भरतील, आणि प्रत्येक जण आपण वापरल्यावर पाणी टाकेल. त्यापुढचं काम मोठ्यांचं.

गावातल्या एक मावशी रोज सकाळी तासभर यायला तयार झाल्या. महिना १,५०० रुपये. ते कुठून द्यायचे यावर तीन बैठका झाल्या, उत्तर निघालं नाही. तूर्त आम्ही पाच शिक्षक प्रत्येकी ३०० देतो. मावशींना हातमोजे, गमबूट, लांब दांड्याचा ब्रश दिला. शनिवारी त्यांची सुट्टी, त्या दिवशी चिठ्ठी टाकून आमच्यातला एक जण धुतो, मुख्याध्यापकसुद्धा. गेल्या शनिवारी चिठ्ठी त्यांचीच निघाली. पँट दुमडून ते आत गेले, तेव्हा चौथीचा अख्खा वर्ग खिडकीत जमला होता.

९ जानेवारी २०२५

अपघात होता होता वाचला. मावशींनी संडास धुण्याचं ॲसिड टाकलं, डाग निघेना म्हणून त्यावर ब्लिचिंग पावडर टाकली. पिवळसर धूर निघाला, त्यांना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी. ओढून बाहेर मोकळ्या हवेत बसवलं, डोळे धुतले, आरोग्य उपकेंद्रात नेलं. तासाभरानं बरं वाटलं. या दोन वस्तू एकत्र आल्या की क्लोरीन वायू सुटतो. मला विज्ञानाच्या पुस्तकातून हे माहीत होतं आणि मावशींना मी ते सांगितलं नव्हतं.

आता ॲसिड शाळेत ठेवतच नाही, त्यानं फरशीचे सांधेही खाल्ले होते. रोज साबणाचं पाणी आणि ब्रश. ब्लिचिंग पावडर फक्त मोरीत, आठवड्यातून दोनदा. तिचा डबा घट्ट बंद ठेवायचा. उघडी पिशवी महिनाभर दमटात राहिली की ती नुसती पांढरी माती होते.

१८ जानेवारी

पॅडचं. जुलैत टँकमध्ये जे निघालं ते यामुळेच, टाकायला दुसरी जागाच नव्हती. मुलींच्या बाजूला झाकणाचा डबा ठेवला, आशाताई येऊन बोलून गेल्या, कपाटात पॅड ठेवले. किल्ली सातवीच्या दोन मुलींकडे आहे, मागायला माझ्याकडे यावं लागत नाही. डब्यातलं काय करायचं हे नीट सुटलेलं नाही. विटांची भट्टी करून जाळून पाहिलं, काळा धूर थेट दुसरीच्या वर्गात गेला, बंद केलं. सध्या ढाप्याच्या खोल खड्ड्यात टाकतो. प्लास्टिक कुजत नाही, त्यामुळे हा खड्डा कधीतरी भरणार.

२५ जानेवारी

ग्रामपंचायतीचे ४१,५०० रुपये आले, उधारी फिटली. आजवरचा खर्च ८३,४००. त्यात लोकवर्गणी ३१,९०० आणि शाळा अनुदान १०,०००. माझ्या हिशेबानं यातले २१,८०० वाया गेले: दोन भांडी, ढासळलेला खड्डा, भोकांचा पाईप. मावशींचं मानधन यात धरलेलं नाही. खर्चाचा कागद शाळेच्या फळ्यावर लावला, वाया गेलेल्या रकमेसकट. एक पालक बराच वेळ वाचत उभे होते. जाताना पुढच्या वर्षीची वर्गणी म्हणून ५०० रुपये देऊन गेले.

१४ फेब्रुवारी

हातपंपाला दम लागतोय. वीस हापशांनंतर पाणी येतं. नळाला तिसऱ्या दिवशी येतं, तेव्हा टाकी भरून घ्यावी लागते. रोजचा वापर साडेतीनशे ते चारशे लिटर, म्हणजे हजार लिटर कसेबसे पुरतात. एप्रिलमध्ये पुरणार नाहीत. दुसरी टाकी किंवा आठवड्याला एक टँकर, दोन्हींचे भाव विचारून ठेवले आहेत.

चरावरची कर्दळ कमरेइतकी झाली. काकांच्या बाजूचा बांध कोरडा आहे, दर सोमवारी जाऊन पाहते.

मधल्या सुट्टीत तोट्यांजवळ उभी होते. सातवीच्या मुली बाटल्या भरत होत्या. सकाळी घरून आणलेल्या त्या रिकाम्या झाल्या होत्या, म्हणून पुन्हा भरत होत्या. डावीकडून चौथी तोटी गळते आहे. सोमवारी तिचा वायसर बदलायचा.